डार्करूममधले बत्तीस कोअर

सांगलीतल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. सर्व्हर बसवणं हे माझं काम नव्हे, पण विभागात ते दुसऱ्या कुणाचंही नव्हतं, म्हणून माझं झालं. जुलै २०२३ मध्ये पहिली कोटेशनं मागवली आणि जून २०२४ मध्ये मुलं निर्धास्तपणे त्यावर गणितं लावायला लागली. मधल्या काळात मी तीनदा तरी घरी येऊन ‘हे आपल्याला झेपणारं नाही’ असं म्हटलं आहे. कुणी याच वाटेला लागलं असेल तर त्याला खड्डे आधी दिसावेत म्हणून तारखा, पैसे आणि माझ्या चुका यांसकट लिहून ठेवते आहे.

आधीचं यंत्र २०१३ सालचं. बारा कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले स्वतंत्रपणे गणित करणारे भाग, आणि त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स. त्या सेंटओएसची मुदत ३० जून २०२४ ला संपणार होती. म्हणजे त्यानंतर सुरक्षेची एकही दुरुस्ती येणार नाही. शिवाय एमएस्सीची सहा-सात मुलं आणि पीएचडीचे दोघे एकाच वेळी क्वांटम एस्प्रेसो हा पदार्थांचं क्वांटम गणित करणारा प्रोग्राम चालवायला लागले की यंत्र नुसतं धापा टाकायचं. पुण्यात आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे, पण तसल्या मोठ्या यंत्रावर वेळ मागायला जायचं तर आपलं गणित किती कोअरवर किती वेगानं पळतं ते आधी आपल्याकडे करून बघावं लागतं. त्यासाठी विभागाचं स्वतःचं काहीतरी हवंच होतं. विभागप्रमुख सरांनी एका जुन्या प्रस्तावातून ८,२५,००० रुपये मंजूर करून आणले होते. मला वाटलं, पैसे आहेत, आता काय राहिलं!

१० जुलैला तीन विक्रेत्यांना पत्रं पाठवली. प्रत्येकी १६ कोअरचे दोन एपिक ७३१३ प्रोसेसर, १६ जीबीच्या सोळा ईसीसी (चुका पकडणाऱ्या) रॅम, दोन एनव्हीएमई (वेगवान) डिस्क आणि ८ टीबीच्या सहा हार्ड डिस्क. एक कोटेशन आठवड्यात आलं, दुसरं दोन आठवड्यांनी, तिसरं सहा फोननंतर. तीन असल्याशिवाय तुलनात्मक तक्ता होत नाही आणि तक्ता असल्याशिवाय खरेदी समिती बसत नाही, त्यामुळे त्या तिसऱ्या कोटेशनसाठी अख्खा ऑगस्ट गेला. विक्रेत्याला पत्रातच उत्तराची शेवटची तारीख घाला आणि चौथ्याला एक पत्र जास्तीचं टाका. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सर्वात कमी दर होता ७,८५,००० रुपये, अधिक कर. मी प्रस्तावात ५ टक्के जीएसटी धरला होता, म्हणजे ८,२४,२५० रुपये. अगदी मापात बसलं म्हणून खुशीत फाईल घेऊन लेखा विभागात गेले. तिथल्या भाऊसाहेबांनी चष्मा वर सारला.

“मॅडम, ही पाच टक्क्यांची सवलत १८ जुलै २०२२ पासून बंद झाली. कुठल्या सालची फाईल बघून लिहिलंत?”

२०१९ सालची. संशोधनाच्या उपकरणांना मिळणारा तो सवलतीचा दर गेला होता आणि आता सरसकट १८ टक्के होते. एकूण ९,२६,३०० रुपये. मंजूर रकमेपेक्षा लाखभर जास्त. त्या दिवशी मी पहिल्यांदा ‘झेपणार नाही’ म्हटलं.

मग काटछाट. सहा हार्ड डिस्कच्या चार केल्या, हमी पाच वर्षांवरून तीनवर आणली, रॅकमध्ये बसवायच्या पट्ट्या काढून टाकल्या. विक्रेत्याकडून ऑक्टोबरमध्ये सुधारित कोटेशन आलं, ६,९९,००० रुपये. त्यावर १,२५,८२० रुपये कर, एकूण ८,२४,८२०. मी खालची बेरीज तीनदा तपासली. वरच्या ओळी मात्र पुन्हा वाचल्या नाहीत. आधीच्या कोटेशनमध्ये ‘१६ जीबी × १६’ असं लिहिलेलं होतं. नव्यात नुसतं ‘२५६ जीबी’ झालं होतं. ही एक ओळ पुढे मला दोन महिने पुरली.

समिती दिवाळीनंतर, २४ नोव्हेंबरला बसली. खरेदी आदेश ६ डिसेंबरला निघाला. मुदत आठ आठवड्यांची.

ते आठ आठवडे खोलीच्या तयारीत गेले. वर्णपटाच्या प्रयोगशाळेला लागून आमची जुनी डार्करूम आहे. फिल्म धुणं बंद झाल्यापासून तिथे मोडके स्टूल आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असायचे. खिडकी नाही, त्यामुळे धूळ कमी, आणि दाराला भक्कम कुलूप. माझ्या दृष्टीनं फारच छान जागा. आमच्या शिपाई मामांनी दोन दिवसांत ती रिकामी केली, आणि मग वायरमननं मल्टिमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये ११ व्होल्ट. ते दोन-तीनच्या आत हवेत. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळशाचा, कित्येक वर्षांत त्यात कुणी पाणीही ओतलेलं नसावं. नवा पाईप ठोकून स्वतंत्र अर्थिंग केलं, १४,५०० रुपये. हे पैसे सर्व्हरच्या मंजुरीत बसत नाहीत, ते ‘इमारत दुरुस्ती’त जातात. त्याचा अर्ज वेगळा आणि सही वेगळी. तीन केव्हीएचा ऑनलाईन यूपीएस आमच्याकडे आधीच होता, फक्त बॅटऱ्या बदलल्या.

एसीचं गणित सोपं आहे आणि ते कुणाला विचारत बसण्यापेक्षा स्वतः करावं. दोन प्रोसेसर १५५ वॉटचे, त्यात डिस्क, रॅम, पंखे मिळून पूर्ण भारावर सहाशे वॉट धरले. तेवढीच उष्णता खोलीत पडणार. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एक टन भरपूर झाला. विक्रेत्याचा माणूस दोन टनांचा घ्या म्हणत होता. मी एक-एक टनाचे दोन घ्यावेत असं सुचवलं, म्हणजे एक बिघडला तर दुसरा असेल. मंजूर एकच झाला.

२९ जानेवारीला सोमवारी दुपारी टेम्पो आला. ड्रायव्हरनं खोकं गेटवरच उतरवलं, ‘आत न्यायचं आमच्यात नाही’ म्हणाला. मामा, दोन विद्यार्थी आणि मी असं तीसेक किलोचं धूड जिन्यानं वर नेलं. तिथेच दोन गोष्टी बऱ्या केल्या. खोकं उघडताना सुरुवातीपासून फोनवर चित्रण केलं, आणि मागच्या बाजूला चिकटवलेल्या छोट्या पट्टीचा फोटो काढला. त्या पट्टीवर बीएमसीचा पासवर्ड असतो. बीएमसी म्हणजे मुंबईची महापालिका नव्हे; मदरबोर्डवर एक वेगळा चिमुकला संगणक असतो, मुख्य यंत्र बंद असलं तरी तो जागा असतो. त्याच्यामार्फत दुसऱ्या खोलीत बसून यंत्र चालू-बंद करता येतं, पडदा बघता येतो, तापमान वाचता येतं. यंत्र एकदा फळीवर सरकवलं की ती पट्टी कुणाला दिसत नाही. आणि हो, बीएमसीचं पोर्ट महाविद्यालयाच्या सर्वसाधारण नेटवर्कला जोडू नका. मी त्यासाठी एक वेगळा लहान स्विच ठेवला आहे, त्याला फक्त माझा डेस्कटॉप जोडलेला असतो.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंख्यांचा आवाज ऐकून शेजारच्या वर्गातले सर धावत आले. विमान उडतंय असंच वाटतं. मिनिटभरात आवाज उतरतो, पण त्या खोलीत बसून काम करायचा विचार मी तिथेच सोडला.

रॅक नव्हता, पट्ट्याही काढून टाकलेल्या. वर्कशॉपमधून जाड लोखंडी मांडणी करून घेतली, १,८०० रुपये. पुढची आणि मागची बाजू मोकळी ठेवली, कारण हवा पुढून आत येते आणि मागून बाहेर जाते. आमच्या पहिल्या मांडणीत मागची बाजू भिंतीला टेकत होती.

आधी रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला. २५६ जीबी तपासायला एक रात्र आणि वर अर्धी सकाळ गेली. चूक एकही निघाली नाही. मग १२ फेब्रुवारीला डेबियन १२.५ ही लिनक्स बसवायला घेतली, ती आवृत्ती दोनच दिवसांपूर्वी आली होती. सेंटओएसची सवय होती, त्यामुळे तिच्यासारखीच रॉकी किंवा अल्मा घ्यायचा विचार केला होता. पण सेंटओएस ८ ची मुदत एकाएकी डिसेंबर २०२१ वर आणली गेली तेव्हा ओळखीच्या दोन प्रयोगशाळांची झालेली धावपळ मी बघितली होती. ही चव आपापली आहे. ज्याच्या अडचणीची उत्तरं तुम्हाला पटकन सापडतात ते घ्या.

बसवणं तासाभराचं काम. अडकले ते डिस्कपाशी. दोन एनव्हीएमई डिस्कवर एकमेकींची प्रत राहील असं रेड १ केलं (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत) आणि चार हार्ड डिस्कचं रेड १०, त्यातही प्रत्येक गोष्टीची एक प्रत राहते. ३२ टीबीतले १६ टीबी वापरायला मिळतात. मोठ्या डिस्कची पहिली जुळवणी सुमारे तेरा तास चालली. सगळं हिरवं दिसल्यावर मी यंत्र बंद करून पहिली एनव्हीएमई डिस्क काढली आणि पुन्हा चालू केलं. काहीच नाही. काळा पडदा. दुसऱ्या डिस्कवर सगळी माहिती होती, पण यंत्र सुरू करणारा छोटा ईएफआय विभाग रेडमध्ये जात नाही, तो एकाच डिस्कवर होता! मग दुसऱ्या डिस्कवर तसाच विभाग करून त्यात मजकूर उतरवला, ईएफआयबूटएमजीआरनं दुसरी नोंद घातली, आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला की ती प्रत ताजी व्हावी म्हणून चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. डिस्क काढून बघण्याची हिंमत यंत्रात कुणाचंही काम नसताना करावी. नंतर ती होत नाही.

स्थिर आयपी पत्त्यासाठी अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची शिफारस, प्राचार्यांची सही, मग नेटवर्क बघणाऱ्यांकडे. नऊ दिवस. तेवढ्यात बाकीची साफसफाई केली. एसएसएचमध्ये (दुरून यंत्रात शिरायच्या सोयीत) पासवर्ड बंद आणि फक्त डिजिटल किल्ल्या, रूट या सर्वाधिकारी खात्याला थेट प्रवेश नाही, यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये महाविद्यालयाच्या आतले पत्ते सोडून सगळं बंद, क्रोनी लावून घड्याळ जुळवलं, सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतील अशी सोय केली. यात सांगण्यासारखं काही नाही, कुठेही सापडेल.

मग आली मजा. प्रोसेसरचं वर्णन छापणारी एलएससीपीयू ही आज्ञा मारली. दोन सॉकेट, सॉकेटला सोळा कोअर, कोअरला दोन थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा), एकूण ६४. भार दाखवणाऱ्या एचटॉपमध्ये ६४ पट्ट्या बघून मुलांनी फोटो काढले. मी मेमरीचा वेग मोजायला स्ट्रीम नावाची जुनी चाचणी चालवली आणि आकडा आला सेकंदाला ५०० जीबीच्या वर. डीडीआर४-३२०० रॅमची एक वाहिनी, म्हणजे प्रोसेसरपर्यंतची एक वाट, सेकंदाला २५.६ जीबी देते, एका प्रोसेसरला आठ वाहिन्या, दोन्ही मिळून कागदावर ४०९.६. म्हणजे माझं यंत्र कागदापेक्षाही वेगवान! त्या संध्याकाळी मी कुणालाही विचारलं नाही की हे कसं शक्य आहे. आनंदात घरी गेले.

दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं. स्ट्रीम जसंच्या तसं चालवलं तर त्याचे तीन अॅरे मिळून साधारण २४० एमबी होतात. या दोन प्रोसेसरांची एल३ कॅश, म्हणजे आतलीच छोटी वेगवान मेमरी, मिळून २५६ एमबी आहे. म्हणजे सगळं कॅशमध्येच मावत होतं आणि चाचणी रॅमपर्यंत पोहोचतच नव्हती. अॅरे मोठा करून पुन्हा चालवलं. आकडा ८४.

तो दिवस २७ फेब्रुवारी. खाली सभागृहात मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम चालू होता, मला सूत्रसंचालन होतं आणि मी वर डार्करूमच्या दारात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. आमचं नेहमीचं गणित लावून बघितलं. ८ कोअरवर ६१ मिनिटं, १६ वर ४३, ३२ वर ४१. दुप्पट कोअर लावून दोन मिनिटं वाचली. डीएमआयडीकोडनं रॅमची यादी काढली. सोळा खाचांपैकी बारा रिकाम्या. ६४ जीबीच्या चारच रॅम.

मुलांना मी हे पंगतीवरून सांगते. बत्तीस माणसं ताटावर बसलीत. वाढपी सोळा असायला हवेत, आले चार. चौघांची भांडी मोठी आहेत, आमटी एकूण तेवढीच आहे, पण वाढायला हात चारच. जेवणारे कितीही भराभर जेवणारे असोत, ताटावर बसून राहणार. शिवाय पंगत दोन खोल्यांत आहे, प्रत्येक प्रोसेसरची मेमरी त्याच्या बाजूला. पलीकडच्या खोलीतून वाढून आणायचं तर आणखी उशीर. याला न्यूमा म्हणतात, आणि न्यूमासीटीएल नावाची आज्ञा कोण कुठल्या खोलीत बसणार ते ठरवते. पण वाढपीच नसतील तर बसण्याची व्यवस्था बदलून काय होणार?

विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, आदेशात २५६ जीबी आहे, आम्ही २५६ जीबी दिलेत.” सुधारित कोटेशन काढून वाचलं. खरं होतं. दर कमी करताना त्यांनी ती ओळ बदलली होती आणि मी तिच्यावर सही केली होती. पहिलं कोटेशन दाखवून वाद घालता आला असता, घातलाही, पण कागद माझ्या विरुद्ध होता. रॅम विकत घेताना एकूण जीबी लिहू नका. किती जीबीच्या किती पट्ट्या आणि ‘प्रत्येक प्रोसेसरच्या आठही वाहिन्या भरलेल्या’, असं शब्दांत लिहा.

आता मार्चअखेर. बिल ३१ मार्चच्या आत निघालं नाही तर निधी परत जातो. बिल निघायला यंत्र बसवल्याचा अहवाल, डेडस्टॉक रजिस्टरमधला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतला) नोंद क्रमांक आणि माझी ‘समाधानकारक चालू आहे’ अशी सही लागते. सही केली की विक्रेता माझा फोन कशाला उचलेल? नाही केली तर पैसेच बुडतात. चार रात्री नीट झोप नाही. हे दुसरं ‘झेपणार नाही’.

वाट काढली भाऊसाहेबांनी. खरेदी आदेशाच्या मागच्या पानावर, जिथे कुणी बघत नाही तिथे, १० टक्के रक्कम हमीपोटी राखून ठेवता येईल अशी अट होती. ती आमच्या छापील नमुन्यातच असते. त्यांनी मला अहवालावर ‘यंत्र चालू आहे, मेमरीची मांडणी बदलणे प्रलंबित’ असा शेरा लिहायला लावला, ९० टक्क्यांचं बिल २८ मार्चला काढलं आणि ८२,४८२ रुपये अडवून ठेवले. आठवड्यात विक्रेत्याचा फोन आला. चार पट्ट्या परत घेऊन १६ जीबीच्या सोळा देतो, वर दहा हजार आणि कर. ११,८०० रुपये प्रयोगशाळेच्या किरकोळ खर्चातून दिले. माझी चूकही त्यात होती, त्यामुळे मी ताणलं नाही.

मधेच २९ मार्चला, गुड फ्रायडेला, एक्सझेडची बातमी आली. लिनक्सच्या जवळपास प्रत्येक यंत्रावर असणाऱ्या या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदार घुसवलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएचनं आत शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि तो धागा ओढत त्यानं ते शोधून काढलं. मी घरून धावत महाविद्यालयात गेले. आमच्याकडे ५.४.१ होती. डेबियनच्या स्थिर शाखेत ती दूषित आवृत्ती पोहोचलीच नव्हती, चाचणीच्या शाखेत मात्र होती. आणि दोनच आठवड्यांपूर्वी एक विद्यार्थी नव्या लायब्ररींसाठी चाचणीची शाखा घालू या म्हणून मागे लागला होता. मी ‘बघू’ म्हटलं होतं. आता तो हा विषय काढत नाही.

८ एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, रॅम आल्या. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून मी आणि एका मुलीनं त्या बसवल्या. खाचेचं दोन्हीकडचं टिच्च ऐकू आलंच पाहिजे. एक पट्टी नीट बसली नव्हती, ती यादीत दिसेना म्हणून पुन्हा उघडावं लागलं. पुन्हा रात्रभर मेमटेस्ट, तो संपला पाडव्याच्या दुपारी. घरी गुढी उभारून जेवून परत येऊन बघितलं. स्ट्रीम २७०. तेच गणित ३२ कोअरवर १९ मिनिटं.

बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, आणखी एकच बदल केला, एका कोअरचे दोन थ्रेड करणारी सोय बंद केली. आमच्या गणितांना तिचा फायदा दिसला नाही, उलट मुलं ६४ हा आकडा बघून ६४ प्रक्रिया लावत आणि काम मंदावे. तुमचं काम वेगळं असेल तर दोन्ही करून मोजा. बंद करण्याआधी एका मुलानं पायथॉनच्या सोळा स्क्रिप्ट एकदम सोडल्या होत्या. प्रत्येक स्क्रिप्टमधल्या नमपाय या गणिताच्या लायब्ररीनं आपल्याला सगळं यंत्र मोकळं आहे असं समजून ६४ थ्रेड काढले. एक हजार चोवीस! एसएसएचनं आत शिरायलाही मिनिट लागत होतं. किती थ्रेड काढायचे ते ठरवणाऱ्या ओएमपी_नम_थ्रेड्स ची किंमत १ करा, एवढीच दुरुस्ती. आता ती सगळ्यांसाठी आधीच ठेवलेली आहे, ज्याला जास्त हवेत त्यानं मुद्दाम मागायचे.

२१ एप्रिल, रविवार. बाहेर उन्हाळा रणरणत होता. दुपारी वीज गेली आणि वीस मिनिटांनी आली. यूपीएसवर सर्व्हर मजेत चालू राहिला. एसी मात्र वीज आल्यावर आपोआप सुरू होत नाही, त्याला रिमोट दाबावा लागतो. बंद डार्करूम, आत पूर्ण भारावर चाललेलं यंत्र. संध्याकाळी सहज घरून बघितलं तर आत शिरणाऱ्या हवेचं तापमान ४१. मामांना फोन केला, ते सायकलवरून किल्ली घेऊन आले आणि दार उघडलं तेव्हा म्हणाले, “मॅडम, आत भट्टी लागलीय.” ते तिसरं ‘झेपणार नाही’.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रिप्ट लिहिली. दर दोन मिनिटांनी बीएमसीशी बोलणाऱ्या आयपीएमआयटूलनं तापमान वाचायचं, ३२ च्या वर गेलं तर नवी कामं थांबवायची आणि मला ईमेल, ३८ च्या वर गेलं तर यंत्र रीतसर बंद. यूपीएस यूएसबीनं जोडून नट हे साधन बसवलं, म्हणजे बॅटरी उतरत आली की तेही यंत्र झोपवतं. एसीला वीज आल्यावर स्वतः सुरू करणारा टायमर ९५० रुपयांना मिळाला. त्या नऊशे पन्नास रुपयांचा विचार लाखांची फाईल करताना कुणाच्या डोक्यात आला नव्हता, माझ्याही नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत स्लर्म बसवलं. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या रांगेत लागतात तशी ही गणितांची रांग. एकाच यंत्राला स्लर्म कशाला, असं मला दोघांनी विचारलं. दहा मुलं एका यंत्रावर असतील तर एका यंत्रालाही लागतं. डेबियनमध्ये तयार पॅकेज आहे, तरी माझे चार दिवस गेले. स्लर्मडी ही आज्ञा मोठा सी लावून चालवली की यंत्राचं वर्णन ती स्वतःच छापते. ते सेटिंगच्या फाईलमध्ये चिकटवायचं, हातानं लिहायचं नाही. मी मेमरी हातानं लिहिली, ‘२५६ जीबी’ म्हणून सरळ २५६ गुणिले १०२४. प्रत्यक्षात कर्नलला त्याहून थोडी कमी दिसते. स्लर्मनं ‘लो रिअलमेमरी’ असं कारण देऊन यंत्रच रांगेतून बाहेर काढलं. नंतर मिळालेल्या आकड्यातून चार जीबी कमी करून लिहिले, यंत्राच्या स्वतःच्या कामाला राहावेत म्हणून. सीग्रुप या लिनक्सच्या वाटणीच्या सोयीत कोअर बांधून दिले की चार कोअर मागणाऱ्याला चारच मिळतात, त्याचा प्रोग्राम कितीही हावरट असो.

तरीही काही जण रांग टाळून थेट प्रोग्राम चालवायचे. ओरडून उपयोग नव्हता. यंत्रातल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीमध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या थेट प्रवेशाला दोन कोअरची मर्यादा घातली. आठवड्यात सगळे रांगेत आले.

जुन्या यंत्रावरचा २.६ टीबी डेटा आरसिंकनं आणला, गिगाबिटच्या तारेवर सात तास. वापरकर्त्यांचे क्रमांक दोन्हीकडे सारखे ठेवा, नाहीतर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसतात. आमच्याकडे एका मुलीचा अख्खा प्रबंध दोन तास दुसऱ्याच मुलाच्या मालकीचा होता. दर शनिवारी एक बाहेरची डिस्क जोडून प्रत काढते आणि ती डिस्क घरी कपाटात ठेवते. रेड असताना हे कशाला, असं विचारणाऱ्याला मी त्या ४१ अंशांच्या खोलीची गोष्ट सांगते.

अजून राहिलेलं बरंच आहे. दुसऱ्या एसीचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर आहे. अडवलेली दहा टक्के रक्कम तेवढी मेमध्ये विक्रेत्याला देऊन झाली. विजेचं वेगळं मीटर बसवा असं पत्र लेखा विभागाकडून आलं आहे, त्याचं उत्तर लिहायचं आहे. यंत्र रिकामं असताना १८० वॉट आणि पूर्ण भारावर ५२० वॉट घेतं, हे मोजून ठेवलंय.

२९ जूनला शनिवारी जुनं यंत्र बंद केलं. मुदत संपायला एक दिवस होता. डिस्क काढून घेतल्या आणि मामांनी उरलेला सांगाडा स्टोअररूममध्ये नेऊन ठेवला. तो भंगारात देता येत नाही, नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रियादाराकडेच द्यावा लागतो, आणि त्याआधी डेडस्टॉकमधून निर्लेखन, म्हणजे नोंद रद्द करणं. भाऊसाहेबांनी त्याचा फॉर्म दिलाय. तीन कोटेशनं जोडायची आहेत.